पायावरची आंघोळ

एक पाट, एक बादली, एक पितळी तांब्या आणि स्वतःचे दोन पाय एवढ्या भांडवलावर यिशुनच्या सविता राजवाडे यांनी सिंगापुरातली निम्मी मराठी पोरं न्हाऊ घातली आहेत. निम्मी हा हिशेब त्यांचाच. खरा हिशेब बराच कमी भरेल, पण तो त्यांच्यासमोर मांडायची कोणाची छाती नाही. त्यांचे यजमान चंद्रशेखर हे चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी करतात. तेसुद्धा या बाबतीत मूग गिळून असतात.

सविताकाकू स्वतः जन्मभर अकाउंटंट होत्या. पण त्यांना त्याबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत संपतं, आणि आंघोळीबद्दल विचारलं तर चहा दोनदा होतो. इथल्या सरकारी फ्लॅटांची बाथरूम स्वयंपाकघराला चिकटलेली आणि बेताची. कमोड आणि भिंत यांच्यामध्ये उरलेल्या जागेत काकू पाट टाकतात, पाय लांब करतात, आणि त्यांची पावलं दाराबाहेर थेट स्वयंपाकघरात येतात. त्या पायांवर पोर पालथं. आधी तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग सोसेल तितकं गरम पाणी. शेवटी ओवा-वेखंडाची धुरी आणि मऊ दुपट्यात गच्च बांधणी. पोर सुरुवातीला सगळा मजला जागा करतं, आणि नंतर असं झोपतं की त्याचे इंजिनिअर आईबाप ते श्वास घेतंय की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा वाकतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या आया आणि सासवा भेटीचा पास संपला की परत जातात. सविताकाकू मात्र इथल्या नागरिक. त्यांचे पाय कायमचे उपलब्ध.

अशा बाईची सून गरोदर राहिली तेव्हा सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. मुलगा सारंग आणि सून अनुया सिंगापुरातच पुंगोलला राहतात. अनुयाची आई ठाण्याला, गुडघ्यांनी अधू, म्हणजे प्रवास नाही. मैदान मोकळं होतं. काकूंनी जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली आणि तेलाची बाटली उन्हात ठेवली.

मग एका रविवारी जेवताना अनुयाने हळूच सांगितलं, "आई, आम्ही कन्फाइनमेंट नॅनी ठरवलीये, इथली बाळंतपण करणारी बाई. महिनाभर घरीच राहील. आणि डॉक्टर म्हणाल्या, बाळाला धुरी नको, पीठ नको, उगाच काही लावायला नको."

"बरं," सविताकाकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एका शब्दाचं वाक्य ऐकून चंद्रशेखरांनी घास तसाच हातात धरला.

घरी परतल्यावर मात्र बांध फुटला. "अहो, ती नॅनी सुनेला काय खायला घालणार माहितीये? तिळाच्या तेलात परतलेलं आलं. म्हणजे तिचं तेल चालतं. माझं चालत नाही."

"तिचं पोटात जातं. तुझं डोक्यावर मिरे वाटतं," चंद्रशेखर म्हणाले, आणि त्या रात्री त्यांना कालचीच आमटी मिळाली.

विनोद बाजूला ठेवू. काकूंना खरंच लागलं होतं. सगळ्या गावाची पोरं पायावर घेतली, आणि स्वतःच्या नातवंडाच्या वेळी आपण पाहुण्यासारखं सोफ्यावर बसायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण त्या शहाण्या होत्या. भांडलं तर उरलेलंही जाईल. त्यापेक्षा गप्प राहावं, गोड वागावं, आणि बाळ आल्यावर अनुयाचं मन हळूहळू वळवावं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी एकच पथ्य होतं. बाळांच्या बाबतीत आपल्या हातून तसूभरही चूक झाल्याचं अनुयाच्या कानावर जाता कामा नये.

तोपर्यंत त्यांच्या हातून चूक झालेली नव्हती, त्यामुळे पथ्य सोपं होतं.

त्यांच्या मजल्यावर एक मांजरी होती. ती कोणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती. शेजारच्या लिम आँटी तिला मासे घालत आणि सविताकाकूंनी तिला ठमा हे नाव दिलं होतं. ही ठमा राजवाड्यांच्या दाराबाहेर, चपलांच्या कपाटामागच्या खोक्यात व्याली. तीन पिल्लं. सविताकाकूंच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी बाळंतिणीसाठी अळिवाची खीर केली. ठमाने ती हुंगली, काकूंकडे सभ्यपणे पाहिलं, आणि ती लिम आँटींच्या दाराशी मासे खायला गेली.

इथे थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण ठमा मासे खात होती, खोकं उघडं होतं, आणि तीन पिल्लांतलं सगळ्यात लहान, करड्या रंगाचं, चिकट आणि मळकं दिसत होतं. सविताकाकूंनी जन्मात पारोसं बाळ पाहिलं नव्हतं. मांजराच्या पिल्लाला पाटावर बसून न्हाऊ घालावं हे जगात दुसऱ्या कोणाच्या मनात आलं नसतं. त्यांच्या मात्र मनात आलं, आणि मनात यायच्या आधीच बहुधा हात तेलाच्या बाटलीवर गेला होता.

पिल्लू पायावर मावेना, म्हणजे पायच त्याला फार मोठे, म्हणून तळहातावर घेतलं. तेल झालं, पीठ झालं, कोमट पाणी झालं. टॉवेलने टिपून वेखंडाची पूड भुरभुरवली. धुरीही दिली, बेताची. पिल्लू स्वच्छ, सुगंधी आणि थरथरत होतं. काकूंनी ते समाधानाने खोक्यात ठेवलं आणि दार किलकिलं करून कौतुक होण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

ठमा आली. तिने पहिलं पिल्लू चाटलं, दुसरं चाटलं, तिसरं हुंगलं आणि अंगावरचे केस उभे करून फिस्कारली. मग तिने पहिल्या पिल्लाची मान तोंडात धरली आणि ती लिम आँटींच्या दारातून आत गेली. परत येऊन दुसरं नेलं. तिसऱ्यासाठी ती आलीच नाही.

सविताकाकू ते पिल्लू घेऊन तिकडे गेल्या. ठमाने त्यांच्या हातावर पंजा मारला. पुन्हा ठेवलं, तिने पुन्हा पाठ फिरवली. लिम आँटी हताशपणे मान हलवत राहिल्या. पदराखाली पिल्लू धरून काकू घरी परत आल्या, तेव्हा हातावर ओरखडा होता आणि हाताला वेखंडाचा वास येत होता. तो वास नाकात शिरला आणि त्यांना सगळं समजलं. त्या तशाच खाली बसल्या.

चंद्रशेखर ऑफिसातून आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बिचारीला वाटलं असेल, हे काष्ठौषधींच्या दुकानातून आलंय," ते म्हणाले. मग बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर त्यांनी शर्टही न बदलता टॅक्सी बोलावली.

व्हेट तरुण चिनी मुलगी होती, शांत आणि चटपटीत. तिने पिल्लासाठी वेगळी दुधाची पावडर दिली, चिमुकली बाटली दिली, आणि सांगितलं की गाईचं दूध नको, बाळासारखं उताणं धरून पाजू नका, पोटावर ठेवूनच पाजा. पोट भरलं की ओल्या कापसाने खालून हळू पुसा, एरवी आई चाटते तेव्हाच त्याला शू होते. ऊब द्या. "आणि आंघोळ अजिबात नको, आँटी."

"छे छे," सविताकाकू म्हणाल्या.

चंद्रशेखरांनी तोंड उघडलं. लपवाछपवी उघडकीला आणण्याचाच त्यांना पगार मिळत असे. टेबलाखाली काकूंचा पाय त्यांच्या पायावर पडला आणि तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अनुयाने पिल्लू पाहिलं. "किती गोड. पण आईने का टाकलं हो त्याला?"

सविताकाकूंनी कॅमेरा पिल्लावर नीट धरला. "असतात गं काही आया. काळीज नसतं." चपलांच्या कपाटापलीकडे, लिम आँटींच्या घरी, ती निष्पाप मांजरी दोन पिल्लांना दूध पाजत होती. तिच्या नावावर हे खपवताना काकूंना लाज वाटली, पण त्यांनी ती गिळली.

मग सुरू झालं ते आयुष्य, ज्याची त्या इतरांना वर्षानुवर्षं सवय लावत आल्या होत्या. दर दोन-तीन तासांनी दूध. रात्र नाही, दिवस नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळायची, तिच्या शेजारी पिल्लू, आणि दोघांवर नातवंडासाठी शिवलेलं दुपटं. एक दुपटं मांजराला गेलं तर काय बिघडलं, नाहीतरी ती घेणार कोण होतं, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी ते कपाटातून काढलं होतं. पिल्लू बाटलीवर पंजे दाबून चुरुचुरु प्यायचं तेव्हा त्या श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

"सारंगच्या वेळी मला नव्हतं उठवलंस कधी," डोळे चोळत बाटली धुणारे चंद्रशेखर म्हणाले.

"सारंगच्या वेळी तुम्ही उठत नव्हतात."

चंद्रशेखरांनी बँकेतल्या सवयीने मांजर ठेवण्याचे नियम मात्र वाचून काढले. आता सरकारी फ्लॅटमध्ये मांजर चालतं, पण चिप लागते, लायसन्स लागतं आणि खिडक्यांना जाळ्या लागतात. पिल्लू जगेल की नाही हे कळायच्या आतच जाळ्यावाला माप घेऊन गेला. याला काकू उतावळेपणा म्हणाल्या. खरं तर त्यांना फार बरं वाटलं होतं.

नाव मात्र त्यांनी ठेवू दिलं नाही. बारशाच्या आधी नाव घ्यायचं नाही. म्हणून ते नुसतं 'ते' होतं. ते प्यायलं का, ते झोपलं का.

सगळं नीट चाललं होतं, आणि सविताकाकूंच्या हातांना नीट चाललेलं बघवत नाही. एका संध्याकाळी पिल्लाचं पोट त्यांना टम्म वाटलं. पिल्लू कुरकुरत होतं. बाळाचं पोट फुगलं की काय करायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. हिंग कोमट पाण्यात कालवायचा आणि बेंबीभोवती लावायचा. मनात एकदा आलं, व्हेटला विचारावं का? पण एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं. लावला.

सकाळी पिल्लू दूध घेईना. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायचं. अंग गार लागत होतं आणि पोटावरची कातडी लालभडक झाली होती. चंद्रशेखर ऑफिसला गेलेले, फोन उचलत नव्हते. कामाचा दिवस होता, पण अनुयाची रजा सुरू झाली होती आणि ती त्या दिवशी पिल्लासाठी गरम पिशवी घेऊन यायची होती. ती दारात आली, तिने सासूचा चेहरा बघितला आणि बूटही न काढता म्हणाली, "चला."

क्लिनिकमध्ये व्हेटने पिल्लू उलटं केलं, पोट पाहिलं, वाकून वास घेतला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "याला काही लावलंत का?"

सविताकाकूंच्या डावीकडे अनुया उभी होती, पोटावर हात ठेवून. त्या पोटात त्यांचं नातवंड होतं. आत्ता 'नाही' म्हटलं तर पायावरची आंघोळ अजून शक्य होती. 'हो' म्हटलं तर जन्मभर सोफा.

"मला ठाऊक असेल तर औषध नेमकं देता येईल," व्हेट म्हणाली. "अंदाजाने दिलं तर, हे इतकं लहान आहे, अंदाज चुकला तर वाचणार नाही."

टेबलावर पिल्लाने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"हिंग लावला," सविताकाकू म्हणाल्या. "काल संध्याकाळी, पोटावर."

"हिंग म्हणजे काय?"

"ॲसाफेटिडा. वासाचा असतो. आम्ही डाळीत घालतो."

व्हेटने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. "आँटी, हे किटन आहे, डाळ नाही लाह," ती सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

"आणि पहिल्या दिवशी तेल लावलं होतं. वेखंडही. आंघोळ घातली." आता सुरू झाल्यावर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "डाळीच्या पिठाने. धुरी दिली. म्हणूनच आईने टाकलं त्याला. तिची काही चूक नव्हती. मीच तिचा वास धुऊन टाकला." हे शेवटचं त्या मराठीत बोलल्या, कारण ते व्हेटसाठी नव्हतंच.

व्हेटने पिल्लू पुसलं, आत नेलं, उबेत ठेवलं, अंगात पाणी जाईल असं काहीतरी सुईने दिलं. काउंटरवरच्या मुलीने फाइलसाठी पिल्लाचं नाव विचारलं. सविताकाकू बारशाबद्दल काही सांगू लागणार एवढ्यात अनुयाने चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं, "हिंग."

ही थट्टा होती की शिक्षा, हे काकूंना कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

पिल्लू संध्याकाळपर्यंत तिथेच राहणार होतं. टॅक्सीत दोघी मागे बसल्या. बरंच अंतर गेल्यावर अनुया म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधी कळलंही नसतं."

"हो."

"मग का सांगितलंत?"

"मेलं असतं ना गं ते."

अनुया खिडकीबाहेर बघत राहिली. सविताकाकूंच्या हिशेबाने सगळं संपलं होतं. नवल म्हणजे त्यांना वाटलं होतं तितकं वाईट वाटत नव्हतं. क्लिनिकमधल्या काचेच्या पेटीतलं ते करडं बोटभर जनावर मान वर करतंय का, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्याने मान वर केली. घरी येऊन बाटलीवर पंजे दाबले. डोळे उघडले, पाय फुटले, आणि एक दिवस ते चंद्रशेखरांच्या ऑफिसच्या बुटात झोपलेलं सापडलं. बारसं झालं तेव्हा नाव आधीच ठरलेलं होतं, लाडाने फक्त हिंगचं हिंगू झालं. लिम आँटी मासे घेऊन आल्या. या सगळ्या काळात सविताकाकूंनी त्याला पावडरचं दूध, ऊब आणि ओला कापूस यांपलीकडे काहीही दिलं नाही. काही करावंसं वाटलं की त्या दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहायच्या. चंद्रशेखरांनी हे पाहिलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचे हात रिकामे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि चक्क त्यावर ते काही बोलले नाहीत.

अनुया यायची, हिंगूला खाजवायची, जायची. आंघोळीचा विषय कोणी काढला नाही. दुपटी कपाटात होती. तेलाची बाटली काकूंनी उन्हातून उचलून मागच्या फळीवर ठेवून दिली.

मुलगी झाली. सारंगचा फोन आल्यावर दोघं हॉस्पिटलात गेले. अनुया थकून उशीला टेकली होती. बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं पडलं होतं, अजून चिकट, डोक्यावरच्या जावळात पांढरं काहीतरी अडकलेलं. सविताकाकूंनी मनातल्या मनात पाट मांडला. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

नर्स आत आली. "बाळाला आता आंघोळ घालू का? आजी बघायला येताहेत का?" तिने हसून विचारलं.

सारंगने आईकडे पाहिलं. चंद्रशेखरांनी छताकडे पाहिलं. अनुयाने डोळे मिटले. या क्षणाची तिला गरोदरपणभर धास्ती होती.

"नको," सविताकाकू म्हणाल्या. "आज नको. घाई नाही काही. तिला आधी आईचा वास ओळखू दे. आणि आईला तिचा."

अनुयाने डोळे उघडले, सासूच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. काकूंचेही आले.

"नॅनीला मी सांगितलंय," अनुया जरा वेळाने म्हणाली, "स्वयंपाक तिचा. बाळाची आंघोळ तिच्याकडे नाही."

"मग?"

"आमच्या बाथरूममध्ये तुमचे पाय कसे मावणार ते बघा. पावलं बाहेर आली तरी चालतील."

आंघोळीच्या बाबतीत सविताकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला विचारलं, "तेल लावू का गं? की नको? तू म्हणशील तसं."

"लावा," अनुया म्हणाली. "हिंग तेवढा नको."

चंद्रशेखर इतके मोठ्याने हसले की बाळ दचकलं आणि रडायला लागलं. नर्सने त्यांना बाहेर काढलं.